सव्वा मूठ गहू

माझं तोंड वाईट आहे. आजकाल बायका "मी बाई स्पष्टवक्ती" म्हणून मिरवतात, तसं कौतुकाने नाही सांगत मी. भडगावला माहेरी आई म्हणायची, या पोरीच्या जिभेला हाड नाही, सासरी दोन दिवस टिकली तरी खूप झालं. टिकले. जळगावात येऊन वीस वर्षं होत आली. नवऱ्याने माझ्या बोलण्याची सवय करून घेतली, आणि सासू माझ्यापेक्षा फटकळ निघाली म्हणून आमचं जमलं. पुढे मी आमच्या वस्तीची आशा झाले. म्हणजे घरोघर जाऊन गरोदर बायांच्या नोंदी ठेवायच्या, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं, पोरांना लसीला आणायचं. तिथे तर या तोंडाचा उपयोगच झाला. लस म्हटलं की दार लावून घेणाऱ्या बाया, बायको कळा देत असताना बाहेर बिडी ओढत बसणारे बाप्ये, सगळ्यांना मी फैलावर घ्यायची. दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम म्हणायच्या, ताई, तुमच्या वस्तीत एक पोर लसीवाचून राहत नाही ते तुमच्या तोंडामुळे. ते ऐकून मला बरं वाटायचं. आता कोणी तसं म्हणालं की मी विषय बदलते.

माझ्यापासून चार घरं सोडून ती राहायची. सासर-माहेर दोन्ही साक्रीकडचं. नवरा मालवाहू रिक्षा चालवायचा, ती डाळ मिलमध्ये डाळ निवडायला जायची. संध्याकाळी परतायची तेव्हा भुवयांवर, पापण्यांवर डाळीची पिवळी पूड बसलेली असायची. मी म्हणायची, आली बघा हळदीची नवरी. ती हसून पदराने तोंड पुसायची. वय चोवीस-पंचवीस. दोन पोरी पदरात, तिसऱ्यांदा दिवस गेलेले. मला ती अक्का म्हणायची आणि तिच्या पोरी मावशी.

घरात सासू होती. तिला सगळी वस्ती आजी म्हणते, मीही. लवकर विधवा झालेली, दोन पोरं एकटीने वाढवलेली बाई. वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं सासू म्हणजे झालंच. सुनेला बाळंतपणात डिंकाचे लाडू स्वतः करून घालायची, तेल लावून न्हाऊ घालायची. एवढंच की तिला थोरल्या पोराच्या पोटी नातू हवा होता. धाकट्याला दोन मुलगे, थोरल्याला पोरी. ते तिला रात्रंदिवस टोचायचं.

तिसरी पण पोरगीच झाली. मी सोबत होते. बाळ सुखरूप आलं आणि मग रक्त थांबेना. सिस्टर धावपळ करत होत्या, मी तिचा हात धरून उभी होते आणि तो हात गार पडत चालला होता. त्या वेळी वाचली. रक्ताच्या पिशव्या लावल्या, मॅडम घरी न जाता तिच्याजवळ बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, ताई, पुढचं बाळंतपण हिला झेपणार नाही. अंगात रक्त नाही, लगेच ऑपरेशनही नको. सध्या तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवून घ्या, पुढचं पुढे बघू.

मी तिला विचारलं. आजी तेव्हा चहा आणायला खाली गेली होती. ती डोळे मिटूनच बोलली, "आते नको माले, अक्का. बठ्ठं अंग रिकामं व्हई गयं."

"सासूला काय सांगायचं?"

तिने डोळे उघडले. "तिले सांगानंच नही."

नवऱ्याची सही लागत नाही, सासूची तर नाहीच. बाईची मर्जी पुरे. मॅडमनी तिला एकटीला विचारून खात्री केली आणि आजी परत येईस्तोवर काम झालं होतं. चहाचा कप तिच्या हातात देत आजी म्हणाली, पोरी, तोंडावर जरा तजेला आला बघ. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलंच नाही, बघितलं असतं तर हसू फुटलं असतं. सुट्टी मिळाली त्या दिवशी जिना उतरताना तिने माझं मनगट घट्ट धरलं. "कोनले सांगू नको, अक्का. तुले मनी तिन्ही पोरीसनी आन शे."

मी म्हटलं, वेडी का काय. आम्हाला ट्रेनिंगलाच शिकवतात, बाईची गोष्ट बाईजवळच ठेवायची.

त्यानंतरचे सहा महिने ती किती बदलली! पोरीच्या दीड महिन्याच्या लसीचं निमित्त करून मी तिला तपासायला नेलं. तांबीचा धागा जागेवर होता, सगळं ठीक होतं. येताना रस्त्यात ती एकदम हसायला लागली. काय झालं विचारलं तर म्हणते, "जलममा एक दागिना भेटना, तो बी कोनले दखाडता येत नही." तांब्याचा दागिना! भर रस्त्यात दोघी पोट धरधरून हसलो. पोरीला टोचलं म्हणून ती रडत होती आणि आम्ही हसत होतो. मिलमध्ये ती परत जायला लागली, अंगाने जरा भरली. रात्री नवऱ्याजवळ जायला आता भीती वाटत नाही, हे तिने मला एकदा अगदी हळू सांगितलं आणि लाजून पळाली. लग्नाला आठ वर्षं झालेली बाई नव्या नवरीसारखी लाजली. मला आतून फार बरं वाटलं होतं. वाटलं, या नोकरीत एखादं तरी काम आपण नीट केलं.

मग श्रावण आला, आणि कानबाई आली. आमच्या खानदेशात ही घरोघरची देवी. रविवारी नारळाची कानबाई बसते, रात्रभर गाणी होतात, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. तिचे रोट म्हणजे नैवेद्याच्या पोळ्या ज्या गव्हाच्या होतात, तो गहू मोजून घेतात. काही घरांत वेगळं असेल, पण त्यांच्या घरी आणि माझ्याही घरी पद्धत एकच. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. एक भरलेली मूठ आणि वर पाव मूठ. नवरा, दीर, पोरगा, सगळ्यांच्या नावाने. बाईच्या नावाची मूठ नसते. मी जन्मभर हे बघत आले, माझ्या पोरांच्या मुठी स्वतःच्या हाताने टाकल्या, कधी काही वाटलं नाही. तेच खरं तर मला जास्त लागतं आता.

त्या वर्षी गहू मोजायला आजीने मलाही बोलावलं होतं. पाच-सहा जणी बसलो होतो. गहू निवडून झाला. ती चुलीपाशी चहा ठेवत होती, धाकटी तिच्या पाठीशी बांधलेली. आजीने मुठी टाकायला सुरुवात केली. थोरल्याच्या नावाची सव्वा मूठ, धाकट्याच्या नावाची, त्याच्या दोन पोरांच्या. परातीत चार ढीग झाले. तेवढ्यात तिची थोरली पोरगी, सात वर्षांची, पुढे आली. चिमुकल्या मुठीत गहू घट्ट धरलेला. "आजी, मनी बी मूठ टाक ना."

बायका हसल्या. आजी पण हसली, रागावली नाही. तिने पोरीची बोटं एकेक करून उघडली, गहू सुपात सांडला आणि म्हणाली, "पोरीसनी मूठ ऱ्हास नही, बेटा." मग सुपातून परत एक मूठ भरून घेतली, वर पाव मूठ घातली आणि पाचवा ढीग केला. "हाई मूठ मना नातूनी. पुढला कानबाईले तो मना मांडीवर ऱ्हाई." आणि चुलीकडे मान वळवून म्हणाली, "तिन्ही येळे इनी मना हात रिकामा ठेवा. आते चौथी येळ."

पोरगी आपला रिकामा तळहात बघत उभी होती.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मला दिसत होती ती दवाखान्यातली खाट, तो गार पडलेला हात. ही बाई कसला हात रिकामा म्हणते? मी ताडकन उभी राहिले. म्हटलं, "टाका आजी, टाका! एक मूठ कशाला, पोतंभर टाका! येणार नाही तो. तिला बाळंतपण झेपणार नाही म्हणून तांबी बसवलीय डॉक्टरांनी. टाका मुठी!"

चहा उतू गेला त्याचा वास आला. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही बघितलं. रागाने बघितलं असतं तर मला झोप लागली असती पुढे. दवाखान्यात जिना उतरताना माझं मनगट धरून बघितलं होतं ना, तसंच बघितलं. मग खाली बसून उतू गेलेला चहा पुसायला लागली.

मी घरी कशी आले ते आठवत नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो नुसता म्हणाला, "अगं, काय करून बसलीस."

सोमवारी कानबाईचं विसर्जन झालं. मंगळवारी आजी तिला एका खासगी दवाखान्यात घेऊन गेली आणि तांबी काढून आणली. सासूने नेलं, नवरा बरोबर, ती काय बोलणार? मॅडमना सांगून मी धावाधाव करीपर्यंत सगळं आटोपलं होतं. आठ दिवस मला तिच्या दारात जायची हिंमत झाली नाही. मग ती स्वतःच आली, मिलमधून परस्पर. भुवयांवर पिवळी पूड तशीच. मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिने मला धरलं.

"तुनी चुकी नही, अक्का. तू मनी पोरकरता बोलनी."

चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी ढसाढसा रडले आणि तीच मला पाणी देत होती, माझ्याच घरात.

मी हार मानली नव्हती. तीन महिन्यांचं इंजेक्शन असतं, ते देऊ म्हटलं, कोणाला दिसत नाही. ती तयार झाली, दिवसही ठरवला. नवऱ्याला रस्त्यात गाठून बोलले. म्हटलं, दादा, निरोधाचं पाकीट देते, ते तरी वापर, नाहीतर बायको हातची जाईल. तो रिक्षाच्या आरशावरची धूळ पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "आईले काय सांगू?" म्हटलं, आईला कशाला सांगायचं बाबा, ही काय आईला सांगायची गोष्ट आहे? त्याने रिक्षा सुरू केली. इंजेक्शनच्या ठरलेल्या दिवशी तिच्या घराला कुलूप होतं. शेतात माणूस नाही म्हणून आजी तिला आणि पोरींना साक्रीकडे गावी घेऊन गेली होती. नवरा आठवड्याला जाऊन येत होता. तिच्याशी बोलायचं तर फोन नवऱ्याचा. एकदा बोलणं झालं तेव्हा मागून आजीचा आवाज येत होता. ती म्हणाली, बरी आहे अक्का, इकडे थंडी फार आहे.

होळीला आली तेव्हा पोट दिसायला लागलं होतं.

मी तिला घेऊन मॅडमकडे गेले. म्हटलं, तुझ्या जिवाला धोका आहे, अजूनही वेळ आहे, मॅडमशी बोल. मॅडमनी तिला सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "आते नको. आते बठ्ठासले माहीत शे." सगळ्यांना माहीत, म्हणजे आता लपवता येणार नव्हतं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, हे पाडलं तर पुन्हा तेच, पाचव्यांदा तेच, अक्का. एकदाचं होऊन जाऊ दे.

मग मी काय करायचं ठेवलं? रक्तवाढीची इंजेक्शनं, गूळ-शेंगदाणे, दर आठवड्याला तपासणी. मिल सोडायला लावली. आजीनेही काही कमी केलं नाही, हेही सांगते. पालकाची भाजी शोधून आणायची, सुनेला जड उचलू द्यायची नाही. बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच करायचं, आधीच जाऊन भरती व्हायचं, रक्त तयार ठेवायचं, मॅडमनी स्वतः हजर राहायचं, सगळं ठरवल्याप्रमाणे झालं. कोणी हयगय केली नाही. आषाढात, भर दुपारी, मुलगा झाला. आणि मग मागच्यासारखंच सुरू झालं.

मला आत घेतलं नव्हतं, पण ओळखीच्या सिस्टरने एक मिनिट सोडलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी जवळ वाकले. तिने विचारलं, "काय व्हयनं?"

म्हटलं, "पोरगा झाला. छान आहे."

तिने श्वास सोडला. "सुटनू मी, अक्का. आते कोनी काही म्हनाव नही."

तिला म्हणायचं होतं, आता पुन्हा बाळंतपणाचं कोणी नाव काढणार नाही. माझी बाई खूश झाली होती. तिला वाटलं आता संपलं, आता परत तांबी बसवता येईल, ऑपरेशन करता येईल. मला सिस्टरने बाहेर काढलं. दिवे लागायच्या वेळेला मॅडम बाहेर आल्या आणि माझ्यासमोर न थांबता भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, तेव्हा मला कळलं.

बाळंतिणीचा मृत्यू झाला की चौकशी होते. घरी माणसं येतात, मोठा फॉर्म भरतात. मला विचारलं, ताई, याआधी गर्भनिरोधक वापरत होत्या का? म्हटलं, हो, तांबी होती. मग? काढली. का काढली? म्हटलं, घरच्यांना कळलं. त्यांनी लिहून घेतलं, "घरच्यांच्या विरोधामुळे". घरच्यांना कसं कळलं, असं त्यांनी विचारलं नाही. त्या फॉर्मात तो प्रश्नच नव्हता. मी वाट बघत होते विचारतील म्हणून. ते पान उलटून पुढे गेले, मी सही केली.

सुतकामुळे त्या वर्षी त्यांच्याकडे कानबाई बसली नाही. यंदा बसली. आजीने निरोप पाठवला, गहू निवडायला ये. मला जायचं नव्हतं. नवरा म्हणाला, नको जाऊ. पण तिच्या तीन पोरी त्या घरात आहेत, त्यांच्या अंगावरचे कपडे, डोक्यातल्या उवा, शाळा, सगळं मी बघते. दार तोडून कसं चालेल? गेले.

तीच परात, तेच सूप. आजी आता थकली आहे, हात थरथरतो. सुनेच्या फोटोसमोर आधी दिवा लावला, डोळे पुसले. ते रडणं खोटं नव्हतं. मग मुठी टाकल्या. थोरल्याची, धाकट्याची, त्याच्या पोरांची. आणि मग नातवाला मांडीवर घेतलं. वर्षाचं गोरंगोमटं पोर, गहू तोंडात घालायला बघतंय. त्याची थोरली बहीण आता नऊ वर्षांची, तिने त्याची मूठ आपल्या हातात धरून गव्हाने भरली आणि परातीत मोकळी केली. सव्वा मूठ पुरी केली. तिने स्वतःसाठी या वेळी काही मागितलं नाही.

आजीने पदराआडून खण आणि नारळ काढला. मूठभर गहू घेतला आणि माझ्यासमोर येऊन बसली. सगळ्या बायका बघत होत्या.

"तू त्या दिन बोलनी म्हनीसन हाऊ उना. नही ते माले कसं समजतं? तुनी ओटी भरस, माय."

अगदी मनापासून म्हणाली. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल माया होती. माझं अंग पेटलं. दोन वर्षं जे गिळलं होतं ते सगळं गळ्याशी आलं. ओरडून सांगावं वाटलं, आजी, अहो तो नातू माझ्या जिभेने आला आणि तुमची सून माझ्याच जिभेने गेली, कसली ओटी भरता! मी तोंड उघडलं.

माझा पदर कोणीतरी मागून ओढला. थोरली होती. भावाला कडेवर घेऊन माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली होती. माझ्या कानाशी वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "मावशी, तू काही बोलू नको."

तिच्या आईचे डोळे आहेत तिला. त्या दिवशी परातीजवळ रिकामा हात घेऊन उभी होती ती, सगळं ऐकत होती. मला वाटलं होतं, सात वर्षांचं लेकरू, त्याला काय कळतंय.

मी तोंड मिटलं. दोन्ही हातांनी पदर पसरला आणि आजीने माझी ओटी भरली.